ताईंची खुडबुड

मला जाग आवाजाने आली नाही, आवाज थांबला म्हणून आली. दुपारची वेळ. स्वयंपाकघरातली ताईंची खुडबुड ऐकता ऐकता माझा डोळा लागला होता, आणि एकदम... काहीच नाही. जाऊन पाहते तर ताई स्टुलावर बसलेल्या, डोकं भिंतीला टेकलेलं, मांडीवर चहाचा डबा. झाकण अर्धवट उघडलेलं. ताई गेल्याला महिना होत आला.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. दोघींचे नवरे गेल्यावर बोरिवलीच्या या घरात आम्ही दोघीच. मी जन्माची भित्री. खुडबुड शब्द तसा गमतीचा, नाही का? पोरं बंद पडलेला रेडिओ उघडून बसतात ती खुडबुड, डब्यांमागे उंदीर करतो ती खुडबुड, आणि कुणाला न सांगितलेली गोष्ट मनात करत राहते तीही खुडबुडच. पण कोण करतंय ते कळेपर्यंत माझा डोळा लागायचा नाही. म्हणून मी पडल्या पडल्या रोज विचारायचे, "ताई, तुम्हीच ना?" आणि आतून उत्तर यायचं, "नाही गं, चोर. चहा घेणार का?" आल्यागेल्याला सांगायच्या, खरा चोर आला तर हिच्या चौकश्यांनीच पळून जाईल.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांचा नीलेश म्हणाला, काकी, एकटी नको राहूस, चल अंधेरीला. मी मोठ्या तोऱ्यात नाही म्हटलं. ताईंच्या घराला कुलूप घालायचं जिवावर आलं होतं. आणि परवा दुपारी पडले होते, तर आत खुडबुड झाली. सवयीने तोंडातून गेलंच, "ताई, तुम्हीच ना?"



घाम फुटला हो मला. उत्तर आलं असतं तरी मेले असते, आणि आलं नाही म्हणूनही. पदराचा बोळा तोंडात धरून बसून राहिले. मग भिंतीला धरत धरत आत गेले. खिडकी उघडी राहिली होती, वाऱ्याने ताटाळ्यातली ताटं हलत होती. एवढंच. तरी नीलेशला 'येऊन ने मला' सांगायला फोन हातात घेतलाच होता.

समोर चहाचा डबा दिसला. त्या दुपारपासून त्याला कुणी हात लावला नव्हता. फोन ठेवून तो काढायला गेले, तर चमचे पडले, पातेली एकमेकांवर आपटली. बाहेरच्या खोलीत माझी रिकामी खाट दिसत होती. भीती काही गेली नव्हती. पण त्या खाटेकडे बघून मोठ्यांदा म्हटलं,

"नाही गं, चोर. चहा घेणार का?"