जांभळाच्या मुळांवरचा पालक

वारज्याला आमच्या मळ्यात बांधालगत एक जांभूळ होतं. त्याच्या सावलीत पालक खुरटतो म्हणून वडिलांनी ते तोडलं. खोड वखारवाल्याने नेलं. मुळं मात्र वडिलांनी कुणाला नेऊ दिली नाहीत, कुऱ्हाडीने तुकडे करून तिथेच मातीत गाडली. हरभरा आम्ही विळ्याने कापायचो आणि मुळं जमिनीतच ठेवायचो. त्यावरचा पालक असा काळाभोर यायचा की मंडईत गिऱ्हाईक आधी आमच्या पाटीशी थांबायचं. एवढ्याशा हरभऱ्याची मुळं एवढं देतात, तर जांभळाची किती देतील, हा वडिलांचा हिशेब.

पालक उगवला तो पिवळा, आणि नेमका मुळं गाडली होती तिथेच. शेणखत टाकलं तरी रंग पालटेना. झाड रुसलंय म्हणून आईने त्या जागी नारळ फोडला. मी तेव्हा कॉमर्सला होतो, मला ना झाडाचं कळत होतं ना आईचं. शेवटी शेतकी खात्यातले एक साहेब येऊन बघून गेले. "अहो, लाकडी मुळं कुजवताना जंतू मातीतलंच नत्र खातात, पिकाला उरत नाही," ते म्हणाले. "हरभऱ्याच्या मुळांत नत्र आधीच भरपूर असतं. जांभळाची पुरती कुजू द्या, सगळं परत मिळेल. थांबा."

दोन्ही मुळंच. एक देतं, दुसरं खातं, आणि खाल्लेलं परतही करतं म्हणे. माझं डोकं चालेना. वडील एवढंच म्हणाले, "थांब म्हनायला याचं काय जातंय."

पुढच्या हंगामातही पालक पिवळाच आला. जमिनीत दम राहिला नाही, असं वडील येता-जाता बोलू लागले आणि एक दिवस बिल्डरला हो म्हणून बसले. मला राग आला, पण तो कुणावर काढावा तेच समजेना.

बिल्डरचं काम कशात तरी अडलं. पत्र्याच्या कुंपणाआड जमीन तशीच पडून राहिली. काही वर्षांनी, पावसाळ्यात, आम्ही दोघं तिथून चाललो होतो. वडिलांनी फटीतून आत पाहिलं आणि पाहतच राहिले. सगळीकडे खुरटं गवत, आणि जांभळाच्या जागी मांडीएवढा तांदुळजा, काळाभोर.

"तिथं खत कुनी टाकलं रं?"

"कुणी नाही, दादा."

पत्र्याला हात लावून त्यांनी पुन्हा फटीला डोळा लावला.

"थांब म्हनला व्हता," ते म्हणाले. "पर किती, ते का न्हाय बोलला त्यो?"