ओरडायचा तास

आमच्या वन्सं, म्हणजे यजमानांची थोरली बहीण, चौतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी हात स्वस्थ बसेनात. घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा चहाआधी बँडेज बांधून बघायच्या. शेवटी शेजारच्या शाळेत दर शनिवारचा एक तास मिळवला आणि चौथीच्या मुलांना प्रथमोपचार शिकवू लागल्या. पट्ट्या गुंडाळायला मी.

मुलं हुशार. भाजलं की गार पाण्याची धार, रक्त आलं की दाबून धरायचं, सगळं तोंडपाठ. गाडी अडली ती ओरडण्यापाशी. कुणी बेशुद्ध दिसलं की मोठ्यानं मदत मागायची. पण शाळा इतकी शिस्तीची, की मुलं आधी हात वर करायची. "बाई, ओरडू का?"

"अरे, तोवर तो जाईल ना वर!" वन्सं कपाळावर हात मारून घ्यायच्या.

त्यातच मुख्याध्यापिकांचा निरोप आला: शनिवारी बघायला येते, उपयोग दिसला नाही तर तास गणिताला. वन्संना दोन दिवस जेवण जाईना.

शनिवारी मुख्याध्यापिका आल्या आणि म्हणाल्या, "आज पेशंट मीच होणार." चष्मा काढून सतरंजीवर आडव्याच झाल्या. पुढे आली वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. तिनं खांदे थोपटले. "बाई, ऐकू येतंय का?" बाई गप्प. मुलीचा हात वर जाऊ लागला. वन्संनी डोळे मिटले. मी देवाचं नाव घेतलं.

हात अर्ध्यावरच थांबला, आणि पोरीनं अशी आरोळी ठोकली, "धावा! आमच्या बाई पडल्या!", की तावदानं थरथरली. मग काय, चाळीसच्या चाळीस गळे सुटले. रखवालदार धावला. समोरचा शिंपी टेप गळ्यात घेऊन आला, मागोमाग त्याचं गिऱ्हाईक, एका बाहीच्या सदऱ्यात!

एवढ्यात पोरीनं श्वास बघून बाईंना कुशीवर वळवलंही होतं. त्या उठायला लागल्या.

"हलायचं नाही!"

"अगं, बरी आहे मी!"

"सगळे पेशंट असंच म्हणतात."

मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. पडल्या पडल्याच वन्संना म्हणाल्या, "तास तुमचाच राहिला. आता हिला सांगा, मला उठू दे."

"मी कोण सांगणार?" वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "केस तिची आहे."

पोरीनं नाडी दोनदा मोजली, मग कुठे परवानगी दिली.