काठावर ठेवलेला गाळ

परवा मंगळवारी दुपारी चार वाजता इस्त्रीवाल्या सुमनताईंच्या दुकानात नाल्याचं पाणी शिरलं आणि गिऱ्हाइकांचे कपडे चिखलात गेले. नाला तर पंधरा दिवसांपूर्वीच साफ झाला होता. मग तुंबला कसा? मी काठाने चालत गेले. उपसलेला गाळ सुकायला म्हणून काठावरच ठेवला होता. अर्धा पावसाने पुन्हा आत लोटला होता. उरलेल्यावर कोवळं गवत उगवलं होतं. तिथे भेटलेले नालेसफाईचे मुकादम म्हणाले, "ताई, आमचं काम काढायचं. उचलायचं टेंडर वेगळं, ते निघालंय कुठं अजून?"

"मग मीपण केर काढून उंबऱ्यातच ठेवते की!" हे सांगितल्यावर सुमनताई म्हणाल्या.

एकाच गाळाच्या कामाची दोन टेंडरं पाडणाऱ्याने कधी नाला पाहिला असेल का?

तुमच्या नाल्याचा काठ आजच बघा. गाळ दिसला, तर तो उचलेपर्यंत वॉर्ड ऑफिसातून हलू नका.