फोन सापडला, त्यानंतरचे कुंभारीकर सर

भास्करराव कुंभारीकर सरांची आणि माझी पहिली भेट परभणीतल्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर झाली. मी दुसऱ्या वर्षाला होते. पत्र्याच्या शेडखाली एक गृहस्थ टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखे काहीतरी हातात धरून उभे होते. "तुमच्याकडे फोन आहे ना? चालू ठेवा आणि कुठेही जाऊन लपा," ते म्हणाले. विद्यार्थ्यांना अहो-जाहो करणारे प्राध्यापक मी तोवर पाहिले नव्हते. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. बऱ्याच वेळाने सर आले, पण माझ्याकडे नव्हे. ते थेट समोरच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. मी बाहेर येताच सर खळखळून हसले. "भिंतीने चकवले! तुमच्या फोनच्या लहरी तिच्यावर आपटून माझ्यापर्यंत आल्या. यंत्राला वाटले, तुम्ही तिथेच आहात."

त्यांचे ते हसणे आता ऐकायला मिळत नाही. सरांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि हा गौरवग्रंथ आनंदाचा व्हावा अशी समितीची इच्छा आहे. माझ्याच्याने ते जमेल असे वाटत नाही.

पडलेल्या इमारतीखाली माणूस अडकला, तर त्याच्या फोनवरून त्याची जागा कळावी, हा सरांचा ध्यास होता. मोकळ्या जागेत हे काम अवघड नाही. मध्ये भिंत, पत्रा, मातीचा ढीग आला की लहरी अडतात, वळतात, क्षीण होतात. एकदा काही अधिकारी यंत्र पाहायला आले आणि कॉलेजच्या मैदानावरच प्रयोग दाखवा म्हणाले. सरांनी नम्रपणे नकार दिला. "मैदानात हरवलेला माणूस डोळ्यांनी दिसतो, साहेब. मागच्या गोदामात चला." उन्हाचे गोदामात कोण जाणार? पाहुणे चहा घेऊन निघून गेले आणि यंत्र आमच्या विभागातच राहिले.

पुढे मी त्याच विभागात शिकवू लागले. सरांच्या निवृत्तीला थोडाच अवधी होता, तेव्हाची ही गोष्ट. सेलूजवळच्या एका कापसाच्या जिनिंगचे जुने गोदाम पावसाने खचून कोसळले. आत सरकी भरणाऱ्या बाया होत्या. बाकीच्या धडपडत बाहेर आल्या. वालूरची सुनीता आली नाही. तहसीलमधल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सरांना फोन केला आणि आम्ही यंत्र घेऊन निघालो.

सुनीताचा भाऊ ज्ञानोबा ढिगाऱ्यापाशी उभा होता. "सर, फोन लागायलाय! रिंग जायलीय तिची!" तो ओरडला. आतून आवाज मात्र काहीच येत नव्हता. सरांनी त्याला विचारले, "फोन त्यांच्याजवळच असतो का?"

"कमरंलाच असतो, सर. कदी सोडत न्हाई ती."

ज्ञानोबा रिंग देत राहिला आणि सर ढिगाऱ्याभोवती फिरत राहिले. पत्रे सगळीकडे वाकडेतिकडे पसरले होते, त्यामुळे यंत्र पुन्हा पुन्हा दक्षिणेकडचे मोकळे पटांगण दाखवत होते. सरांनी जागा बदलत, पत्र्यांवरून परतणाऱ्या लहरी वगळत नेल्या आणि शेवटी पूर्वेच्या भिंतीच्या बुडाशी हात केला. "इथे. माझी खात्री आहे." दुसऱ्या टोकाला उकरणारी माणसे, जेसीबी, सगळे तिथे आणले गेले.

सरांचा हिशेब अचूक होता. नेमक्या त्याच जागी फोन सापडला. भाकरीच्या पिशवीत, रुमालात गुंडाळलेला, भिंतीच्या खुंटीसकट खाली आलेला. सुनीता तिथे नव्हती.

ज्ञानोबाने ती पिशवी हातात घेतली आणि सरांकडे पाहिले. "फोन घावला, सर. माझी बहीन कुठं हाय?"

ती पश्चिमेच्या टोकाला सापडली, पाण्याच्या माठापाशी. जिथून आम्ही माणसे उठवली होती तिथे. अंगावर फारशी जखम नव्हती. ती बराच वेळ श्वास घेत असावी, असे डॉक्टर म्हणाले.

तिथेच खणायला कुणी सांगितले, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा सर म्हणाले, "मी." ज्ञानोबाचे नाव त्यांनी आजतागायत घेतलेले नाही. हा लेख लिहिण्याआधी मी त्याला भेटले. तो म्हणाला, "लिवा, म्याडम. फोन तिच्यापाशीच हाय असं मीच म्हनलो होतो. सरानं सगळं सोताच्या अंगावर घेतलं."

दहाव्यानंतर सर वालूरला गेले. मी सोबत होते. सुनीताच्या आईने एकच प्रश्न विचारला, "तुमी खनत व्हता तवा माजी लेक जित्ती व्हती का?" कुणीही नाही म्हटले असते. मी मनात म्हणत होते, सर, नाही म्हणा. सर म्हणाले, "होय. असाव्यात." ती माउली उठली आणि आत गेली. परतताना मी सरांवर चिडले. ते एवढेच म्हणाले, "त्यांनी खरे काय ते विचारले होते." त्यांचे चुकले की बरोबर होते, हे मला आजही सांगता येत नाही.

निवृत्तीपर्यंत ते वर्गात आधी एकच वाक्य सांगत, "आपण फोन शोधतो, माणूस कुठे आहे ते माणसांना विचारायचे." ते काम पुढे कुणी घेतले नाही. मुले पुण्याला जातात, जायलाच हवे. प्रयोगशाळेत आता मोडक्या खुर्च्या आहेत. मीही काही करू शकले नाही. गौरवाचे विचारायला गेलो तेव्हा सरांनी हात जोडले. "सुनीताबाईंचे लिहिणार असाल तर छापा, नाहीतर माझा गौरव कशाचा करता?"

दरवर्षी दिवाळीनंतर सर वालूरला जातात. ज्ञानोबा ओसरीवर चहा देतो. आई बाहेर येत नाही. सर थोडा वेळ बसतात आणि एसटीने परत येतात.

सर, तुमचे गुडघे तुम्हाला साथ देवोत, रात्री डोळा लागो, आणि आम्हाला तुमची सोबत पुष्कळ वर्षे मिळो. तुम्ही म्हणाल, आणखी वर्षे कशाला? त्या माउलीलाही तेवढेच आयुष्य मिळावे, आणि एखाद्या वर्षी तिने ओसरीवर येऊन तुमच्याशी एक शब्द बोलावा, रागाचा का होईना, यासाठी.