दिव्याखाली शिकलेली बेगम

माझे बाबा भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आणि टाउनशिपमधल्या निम्म्याअधिक मराठी मुलांची भाषणंही तेच लिहून देत. दोन्ही कामं ते एकाच पद्धतीने करत.

कारखान्यात नवं ड्रॉइंग सहसा कोऱ्या कागदावर सुरू होत नसे. जुनं ट्रेसिंग, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावरचं मूळ ड्रॉइंग, काढायचं, जेवढा भाग बदलायचा तेवढा दाढीच्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचा, तिथे शाईने नव्या रेघा ओढायच्या आणि कोपऱ्यातल्या चौकटीत नाव-नंबर बदलायचा. बाबा म्हणत, चांगलं मूळ ड्रॉइंग एकदा हाताशी असलं की माणूस जन्मभर निश्चिंत राहतो. त्यांचा हात इतका सफाईचा होता की खरवडलेली जागा उजेडात धरूनही कळत नसे.

आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत मुलांची वक्तृत्व स्पर्धा असायची. विषय दरवर्षी तोच, थोर व्यक्ती. आम्ही सगळी मुलं हिंदी शाळेत जाणारी. घरी मराठी बोलायचो खरी, पण चार ओळी शुद्ध लिहायच्या म्हटलं की घाम फुटायचा. इतरांच्या आईवडिलांची मराठी चांगली होती, पण त्यांना वेळ नव्हता, आणि बाबा तर हौशीच. श्रावण लागला की आमच्या क्वार्टरच्या दारात कोणी ना कोणी उभं असायचं. “भाऊजी, आमच्या मुलीला यंदा कोण देताय?” बाबा चष्म्यावरून मुलीकडे बघायचे, तिची उंची आणि आवाज अजमावायचे, आणि एखादा राजा किंवा संत देऊन टाकायचे.

त्यांच्याकडे मूळ भाषण एकच होतं, ऑफिसातून रद्दीत निघालेल्या ट्रेसिंगच्या तुकड्यावर सुरेख अक्षरात लिहिलेलं. थोर व्यक्तीचा जन्म एका लहानशा गावी. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची. आई कष्टाळू. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास. मग तीन-चार ओळींची जागा, जिथे त्या त्या व्यक्तीचं कार्य यायचं, आणि शेवटी कोटी कोटी प्रणाम. बाबा ब्लेड घ्यायचे, जुनं नाव आणि जुनं कार्य खरवडायचे, नवं लिहायचे. मुलीची आई समोर बसून ते वहीत उतरवून घ्यायची. राजे, समाजसुधारक, शास्त्रज्ञ, सगळे त्याच एका कागदावरून येऊन गेले.

स्पर्धेच्या दिवशी बाबा तिसऱ्या रांगेत बसत, आणि त्यांचं भाषण म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर त्यांचे ओठ हलत. शब्द त्यांचेच होते, त्यांना कसे विसरतील? कोणी अडखळलं की त्या ओठांकडे बघायचं, पुढचं वाक्य सापडायचं. मंचावरच्या प्रत्येक मुलाला हे गुपित माहीत होतं.

मी सहावीत असताना मात्र घोटाळा झाला. त्या वर्षी बारा मुलं होती, आणि चिठ्ठ्यांनी क्रम असा लागला की पहिली पाचही बाबांचीच निघाली. पहिले संत दिव्याखाली शिकले. दुसरे समाजसुधारक दिव्याखाली शिकले. तिसऱ्या वेळी मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. पाचवा तर आपल्या बापाच्या मुलुखावर राज्य केलेला राजा होता, तोही बिचारा रस्त्यावर येऊन बसला. परीक्षक दुसऱ्या कॉलनीतले एक रिटायर्ड मास्तर होते. ते निकाल देताना म्हणाले, “आपल्या थोरांनी नगरपालिकेच्या दिव्यांवर भलताच भार टाकलेला दिसतो.” हॉल खदखदून हसला. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा स्वभाव तेव्हाही तापटच होता. राग परीक्षकांवर यायला हवा होता, तो आला बाबांवर. पुढच्या वर्षी मी माझं भाषण मीच लिहिणार, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

सातवीत आम्हाला इतिहास शिकवायला एक मॅडम आल्या. त्या जुन्या शहरातून बसने यायच्या, अंगात नेहमी फिकट सलवार-कमीज आणि हातात पानांच्या कडा मुडपलेली पुस्तकं. एकदा त्यांनी पुस्तक मिटून विचारलं, “तुम लोग भोपाल में रहते हो, बताओ, यहाँ राज किसने किया?” आमचं भोपाळ म्हणजे कारखान्याचा भोंगा, सेक्टरचे नंबर आणि रविवारचा बाजार. मॅडम म्हणाल्या, इथे आईमागून मुलगी अशा चार पिढ्या बायकांनी राज्य केलं. त्यातल्या एकीने पडदा सोडला, घोड्यावर बसून ती गावोगाव हिंडली, लोकांच्या तक्रारी स्वतः ऐकल्या. तिच्या कारकिर्दीतली मशीद आजही जुन्या शहरात उभी आहे. “उसी के सामने से मेरी बस आती है,” त्या म्हणाल्या. रोज बस समोरून जाते अशी थोर व्यक्ती मला तोवर कोणी दाखवली नव्हती. मला ती बेगम फार म्हणजे फार आवडली.

नावं लिहून घ्यायला मंडळाचे अध्यक्ष होते, बाबांच्याच कारखान्यातले एक फोरमनकाका. “बेगम? आपल्यातलं कोणी सुचलं नाही का?”

“ती भोपाळची. आपणपण भोपाळचेच ना, काका?”

त्यांनी डोकं खाजवलं आणि नाव लिहिलं. “बरं. बाबांना विचारलंस ना?”

“हो,” मी म्हटलं. साफ खोटं.

बाबांनी मला एका संतांचं भाषण दिलं होतं. मी ते त्यांच्यासमोर मोठमोठ्याने पाठ करायची, आणि ते ऑफिसला गेले की भूगोलाच्या वहीतली माझी बेगम काढायची. एके दिवशी ती वही आईच्या हाती लागली. ती तांदूळ निवडत होती. तिने सगळं वाचलं आणि रागावली नाही. तेच जास्त अवघड गेलं.

“त्यांचं नको झालं का तुला?”

“सगळ्यांना तेच तेच असतं! सगळे हसतात. ते खरंसुद्धा नाही.”

“खरं नाही कसं?” आई म्हणाली. “नागपूरच्या अलीकडच्या, त्यांच्या गावच्या स्टेशनवर, मालधक्क्याबाहेर, तुझे बाबा मॅट्रिकपर्यंत दिव्याखाली बसले आहेत. घरात रॉकेलला पैसे नव्हते. आजी लोकांकडे दळणं दळायची. ते कोणाला सांगत नाहीत, म्हणून इथे लिहितात.”

मला रडू येत होतं, आणि भाषण बदलायचंही नव्हतं. बाबांचं आयुष्य नको म्हणून मी दुसरीचं निवडलं होतं, आणि हे त्यांना भरल्या हॉलमध्ये कळणार होतं. आईने वही परत दिली आणि म्हणाली, “आपणहून सांग त्यांना.” आठ दिवस मी रोज सांगायचं ठरवलं आणि रोज त्यांच्यासमोर संतांचंच भाषण म्हटलं.

स्पर्धेच्या संध्याकाळी अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं आणि विषय सांगितला. बाबांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं. बहुतेक, चूक तर झाली नाही ना, असंच. मी माईकसमोर गेले. सुरुवात झकास झाली. निम्मी वाक्यं हिंदी वळणाची होती, पण माझी होती. बेगम घोड्यावर बसली, गावोगाव गेली. मी सवयीने तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

बाबांचे ओठ मिटलेले होते.

ते कान देऊन ऐकत होते, एवढंच. पण इतक्या वर्षांत मी ते ओठ कधी थांबलेले पाहिले नव्हते, आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. घोडाही गेला आणि बेगमही गेली. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. आणि मग माझ्या तोंडून, माझी काही परवानगी न घेता, जे लहानपणापासून ऐकलं होतं ते बाहेर पडलं.

“घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची. त्यामुळे बेगम रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करीत असत.”

छप्पर उडेल असा हशा. फोरमनकाका रुमालात तोंड लपवून हसत होते. मी मंचावर खांबासारखी उभी, डोळ्यांतून पाणी. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून बाबा उठले. मला वाटलं, निघाले. पण ते जागीच उभे राहिले आणि त्यांच्या खणखणीत नागपुरी आवाजात म्हणाले, “अगं, काहून रडून राहिली? महालात झुंबरं होती तिच्या! घोडा कुठे गेला ते सांग!”

पुन्हा हशा, पण तो वेगळा होता. त्यात मीही हसले, नाक पुसलं आणि घोडा सापडला. बेगमला मी शेवटपर्यंत नेऊन पोचवलं. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं, स्टीलचा डबा. आई त्यात कितीतरी वर्षं हळद ठेवत होती.

घरी येताना आई पुढे चालत होती, मी बाबांबरोबर मागे. मी म्हटलं, “बाबा, मी खोटं बोलले. मला तुमचं भाषण नको होतं.”

“ते दिसलं.”

“राग आला?”

“आला होता. नाव पुकारलं तेव्हा. मग तू बोलायला लागली आणि मी ऐकतच राहिलो.” थोडं चालून ते म्हणाले, “हे बघ, थोर माणसं मला कुठे माहीत होती? एक गरीब पोरगा तेवढा नीट माहीत होता. त्यालाच सगळ्यांच्या जागी बसवत गेलो. कोणी तरी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या ना.”

मी त्यांचा हात धरला. मग त्यांनी विचारलं, “पण काय गं, खरंच इथे बायांनी राज्य केलं? चार पिढ्या? मला अठरा वर्षं झाली इथे येऊन, कोणी सांगितलं नाही बाप्पा!” क्वार्टर येईपर्यंत ते प्रश्न विचारत होते आणि मी मॅडमचं सगळं ज्ञान त्यांच्यावर ओतत होते.

आता मी भोपाळच्याच कोलार रोडला राहते. जुन्या शहरात काम निघालं की त्या मशिदीवरून जाते, आणि मला मॅडमची बस आठवते. थोर माणसांमागे काय काय उरतं त्याची यादी लोक करतात, दगडी इमारती, कायदे, शाळा. माझ्यासाठी त्या बेगमने जे ठेवलं ते एवढंच, की तिच्यामुळे माझे बाबा मला एकदा न बोलता ऐकत राहिले. मी त्यावर खूश आहे.

त्या स्पर्धेनंतरच्या श्रावणात समोरच्या क्वार्टरमधल्या काकू आपल्या मुलीला घेऊन आल्या. “भाऊजी, हिला यंदा कोण देताय?” मी आतल्या खोलीतून ऐकत होते. बाबा उठले, कपाटातून एक कोरा कागद आणि शाईची बाटली काढली, आणि दोन खुर्च्या टेबलाशी ओढल्या. मग आत वळून त्यांनी मला हाक मारली.

“ये गं. काकू तुझ्याकडे आल्यात. तू सांग, मी लिहून घेतो.”