खोक्यावरचा वारा

आमच्या पॅकिंग खात्यात संध्याकाळी कितीही झाडलं तरी सकाळी कोपऱ्यात पुन्हा पेंढा दिसायचा. कुठून यायचा कुणास ठाऊक. गिऱ्हाईक म्हणून आम्ही जे टक्केटोणपे खाल्ले, त्यांचंही तसंच. एक सांगून झाला की दुसरा आपला कोपऱ्यात पडलेलाच.

पिंपरीला पंख्यांची एक कंपनी होती. तिथं मी निघोज्याहून यायचो, नामदेव मोशीचा आणि सावंत कोकणातला. पंखा खोक्यात बसवायचा, पेंढा कोंबायचा, वरून पट्टी मारायची, हे आमचं काम. जेवायला तिघे एका बाकावर. दिवसभर दुसऱ्यांचा माल बांधायचा आणि भाकरी मोडताना आपण घेतलेल्या मालाचं रडगाणं गायचं.

मी ऐकायचो जास्त, बोलायचो कमी. पण एका उन्हाळ्यात मलाही दुकानाची पायरी चढावी लागली. गंगूचं, माझ्या मंडळींचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. घरावर पत्र्याचं छप्पर. डॉक्टर म्हणाले होते, टाक्यांना घाम लागू देऊ नका, वाऱ्यात ठेवा. त्या वाऱ्याचं सांगतोच. आधी नामदेवाची बाही.

*

मोशीच्या बाजारात कपडे धुवायच्या पावडरीची गाडी आली. वर कर्णा, खाली टेबलावर बादली, आणि बोलायला एक गोडबोल्या माणूस.

"कोण देतंय सदरा? फुकट धुवून देतो," तो म्हणाला.

फुकट म्हटल्यावर नामदेवानं भर बाजारात अंगातला सदरा काढून दिला. त्या माणसानं एक बाही धुतली, पिळली आणि उंच धरली. अशी पांढरी झाली होती की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता दुसरी घ्या," नामदेव म्हणाला.

"ती कशी धुणार काका? तिच्यामुळं तर फरक दिसतो."

सदरा परत दिला आणि गाडी पुढच्या गावाला गेली. नामदेवाच्या बायकोनं राहिलेली बाही घासघासून हात टेकले, पण ती काही जोडीला येईना. नामदेव तोच सदरा घालून कामावर यायचा. सावंत जेवायला बसताना विचारायचा, "नाम्या, आज तुझ्या कुठल्या बाजूक बसू?"

*

सावंतनं तरी कुणाला हसावं? त्यानं सेकंड शिफ्टहून घरी जायला हातातली बॅटरी घेतली. दुकानदारानं वर्षाची गॅरंटी दिली. थोड्याच दिवसांत बॅटरी लागेना, तेव्हा सावंत तावातावानं दुकानात गेला.

"बल्ब गॅरंटीत येत नाही," दुकानदार म्हणाला. "बटण येत नाही. काच येत नाही. सेल तर नाहीच नाही."

"मग गॅरंटी कसली?"

"नळीची."

सावंतनं नळी उलटसुलट करून बघितली. नळी ठणठणीत होती.

"बघा," दुकानदार म्हणाला, "कंपनी बोलते तसं वागते."

ती नळी सावंतनं पुढं कुत्र्यांवर उगारायला वापरली. त्या कामाला ती खरोखर टिकाऊ निघाली.

*

नामदेवानं स्कूटरला नंबर लावला तेव्हा त्याची पोरगी रांगत होती. नंबर लागल्याचं कळलं तेव्हा ती शाळेत कविता म्हणत होती. नामदेव टोपी बदलून पुण्याला गेला. तिथल्या साहेबानं मोठ्या अदबीनं विचारलं, "रंग कोणता आवडेल?"

इतक्या वर्षांत नामदेवानं रंग ठरवून ठेवला होता. "आकाशी."

"हिरवी आहे."

"मग इचारलं कशाला साहेब?"

"विचारल्याशिवाय देता येत नाही. गिऱ्हाइकाची पसंती कंपनीला महत्त्वाची आहे."

हिरवी आली. नामदेव तिला आकाशीच म्हणायचा, आणि आम्हीही त्याला कधी टोकलं नाही.

*

आता माझा पंखा.

मी शाळेत गेलो नाही. ज्या खोक्यांना इतकी वर्षं पट्टी मारली, त्यांच्यावर काय छापलंय ते मला दुकानदारानं वाचून दाखवलं. "कमी विजेत भरपूर वारा." मी म्हटलं, निघोज्याला असाच पाहिजे. वीज गावात आली होती, पण तिच्यात जीव नव्हता.

खोकं उलटं केलं तर बुडाला निळ्या खडूनं काढलेलं तुळशीचं पान. कुणी कुठलं खोकं बांधलं ते कळावं म्हणून आम्ही खूण करायचो. बाकीचे नाव लिहायचे, मी पान काढायचो. आपल्याच हातचा माल आपल्याच घरी चालला म्हणून जरा बरं वाटलं.

संध्याकाळी पंखा लावला. तेवढ्यात नदीकाठच्या शेतांवर पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या आणि घरातला दिवा उदबत्तीएवढा झाला. पंखा नुसता हुं हुं करायला लागला. पातं हलेना. दुपारी तीच गत. पहाटे मोटारी बंद झाल्यावर मात्र असा फिरायचा की गंगूला वाकळ ओढून घ्यावी लागायची.

"याला माजा घाम कवा येतो ते कुनी सांगितलं न्हाई वाटतं," ती म्हणाली.

*

पंखा खोक्यासकट घेऊन मी कंपनीच्या पुण्यातल्या काउंटरवर गेलो. तिथल्या पोरसवदा साहेबानं निघोज्याचं नाव ऐकलं आणि मान हलवली. "तुमच्याकडे विजेला जोरच नाही."

"म्हनून तर ह्यो घेतला. खोक्यावर लिवलंय न्हवं?"

"ते जाहिरातीपुरतं असतं, काका."

मी कंपनीचाच माणूस आहे असं सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मग आत सांगा की. बाहेर कशाला हेलपाटा?" तरी त्यानं पंखा ठेवून घेतला आणि तपासायला कंपनीत पाठवला.

काही दिवसांनी परत आलेल्या मालात मला माझं तुळशीचं पान दिसलं. आमच्या खात्याच्या साहेबांनी पंखा लावला. कंपनीच्या विजेवर तो भिरभिर फिरला.

"फर्स्ट क्लास. पॅक करा."

"साहेब, ह्यो माजा हाय," मी म्हटलं. "घरी चालत न्हाई. मंडळी आजारी हाय."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं, "तक्रार बाहेर काउंटरवर करायची. इथं आत फक्त माल येतो, गिऱ्हाईक येत नाही."

मी बसलो आणि माझाच पंखा बांधायला घेतला.

"भाऊ," नामदेव हळूच म्हणाला, "पेंढा जरा जास्ती घाल. घरचा माल हाय."

पंखा पुण्याला गेला, मी तिथून तो घरी आणला. गंगूला सांगितलं, "कंपनीत चालतो म्हनं."

"मग माजी बाज तिकडंच टाका," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

*

ऊन काही उतरलं नव्हतं. अशात कंपनीला कॅलेंडर काढायचं होतं. कामगाराच्या घरीसुद्धा आपलाच पंखा, असा फोटो हवा होता. आपला पंखा घरी कुणाकडं आहे, असं साहेबांनी विचारलं आणि नामदेवानं माझ्याकडं बोट दाखवलं.

भर दुपारी जीप निघोज्यात आली. जाहिरातीचे एक साहेब आणि फोटोवाला. गंगू कशीबशी उठून नवं लुगडं नेसली आणि बाजेवर बसली. शेजारी स्टुलावर पंखा. पत्रा तापलेला, तिच्या कपाळावरून धारा लागलेल्या.

आता यांनाच दाखवावं म्हणून मी बटणाकडं हात नेला.

"नको काका, बंदच असू दे," फोटोवाला म्हणाला. "फिरला की पाती दिसत नाहीत, कंपनीचं नावही नीट येत नाही."

मी हात मागं घेतला. त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तोंड वाकडं केलं. "पण वारा वाटत नाही, साहेब. पदर जरा उडायला पाहिजे."

दोघांनी घरभर बघितलं. कोपऱ्यात पंख्याचं खोकं होतं. साहेबांनी त्याचं झाकण फाडून माझ्या हातात दिलं.

"काका, तुम्ही फोटोत येऊ नका. खाली बसा आणि तिकडून हलवा."

मी उकिडवा बसलो आणि झाकण हलवायला लागलो. "कमी विजेत भरपूर वारा" माझ्या हातात वरखाली होत होतं. गंगूचा पदर उडाला. कपाळावरचे केस हलले. तिनं डोळे मिटून घेतले आणि खूप दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला.

"छान, वहिनी. असंच राहा," फोटोवाला म्हणाला. एक काढला, आणखी एक काढला. मग साहेबांनी नमस्कार केला, जीप सुरू झाली आणि धूळ उडवत चाकणच्या रस्त्याला लागली.

मी झाकण खाली ठेवायला गेलो, तशी गंगू डोळे न उघडताच म्हणाली, "त्यांचं झालं असंल. तुमी हलवा."