वा म्हणजे ये

आमच्या घरात मराठी, उंबऱ्याबाहेर सगळं तमिळ. तंजावूरच्या आम्हा मराठी लोकांचं असंच असतं. लॅबमध्येही मी दिवसभर तमिळच बोलते. पण खूप आनंद झाला ना, की तोंडातून घरचीच भाषा फुटते. त्या शुक्रवारी तेच झालं!

आधी आमचं काम सांगते. एका काचेच्या बरणीत निळे एलईडी, बरणीभोवती केसासारखी बारीक नळी गुंडाळलेली. पंप एका टोकातून द्रावण हळूहळू ढकलतो. निळ्या उजेडातून जाता जाता छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या साखळ्या होतात आणि दुसऱ्या टोकाला पॉलिमर टपकतं. नुसतं रेणू जोडणं सोपं आहे हो! पण मग कुणी लांब, कुणी आखूड, सगळा गोंधळ. आम्हाला हवी होती पंगत. प्रत्येक पानावर सारखं वाढायचं, आणि मधेच कुणी केळीचं पान मिटून उठायचं नाही. कारण मिटलं की ती साखळी मेली, पुढे वाढतच नाही.

पंप मात्र आमचा नव्हता. दुसऱ्या विभागाचा, उसना. त्या संध्याकाळी ते न्यायला येणार होते. आमच्या गाईड मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "साखळ्या जिवंत राहतात हे दाखवा, मी पंप मागून ठेवते. नाहीतर सोमवारपासून परत जुन्या पद्धतीने, फ्लास्कमध्ये." आणि द्रावण एकाच खेपेपुरतं उरलेलं.

माझी मैत्रीण पंपापाशी बसली. ती कावेरीकाठच्या गावची, घरी भातशेती. मी शेजारच्या खोलीत, साखळ्यांची लांबी मोजणाऱ्या मशीनसमोर. पहिला नमुना आत घातला होता. स्क्रीनवरची रेघ बराच वेळ आडवीच, आडवीच... आणि एकदम वर! एकच शिखर, सुईसारखं! म्हणजे सगळ्या साखळ्या सारख्याच लांबीच्या!

"वा! वा वा वा!" मी किंचाळले.

दार धाडकन उघडलं. मैत्रीण धापा टाकत समोर. "काय गं, काय झालं? आग लागली?"

"तू इथे कशी? पंपापाशी कोण आहे?"

"तूच बोलावलंस ना! वा, वा म्हणून! एकदा नाही, चारदा!"

अय्यो. तमिळमध्ये वा म्हणजे ये.

आम्ही दोघी पळालो. नळी काळोखात. पंप गप्प.

"बंद केलंस?"

"मग? चालू मोटर सोडून कुणी उठतं का?" ती माझ्यावरच डाफरली. "आमच्याकडे शेतावर असं केलं तर अप्पा घरात घेणार नाहीत. मोटर बंद, लाइट बंद, मग निघायचं."

मला रडूच यायला लागलं. अर्धवट साखळ्या नळीत अडकलेल्या. आरडाओरडा ऐकून मॅडम आल्या. सगळं ऐकून त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वाकून नळीचे सांधे तपासले.

"हवा गेलीय आत? हवेनेच मरतात साखळ्या."

"नाही, मॅडम. कुठेच उघडली नाही."

"मग रडतेस काय? चालू करा. जे नळीत अडकलंय तेच गोळा करा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काळोखात साखळ्या मेल्या असतील तर दोन शिखरं दिसणार, आधीच्या मेलेल्यांचं एक आणि नंतर नव्याने सुरू झालेल्यांचं दुसरं. पण नुसत्या झोपल्या असतील तर...

निळा उजेड लागला. पंप कुरकुरला. थेंब पडायला लागले. नमुना मशीनमध्ये घालून आम्ही तिघी स्क्रीनसमोर उभ्या. मैत्रिणीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

एकच शिखर. पहिल्याच्या जागी, तितकंच बारीक. पान पुढ्यात ठेवून हात आवरून बसल्या होत्या सगळ्या साखळ्या, वाढणारा परत आला तशा जेवायला लागल्या!

मैत्रीण माझ्याकडे वळली. "आता म्हण काय म्हणायचं ते. मी इथेच आहे."

मॅडमनी तिथूनच फोन लावला. "पंप अजून एक आठवडा हवाय. हो, हो, चालतंय. फार छान चालतंय." फोन ठेवून आम्हाला म्हणाल्या, "सोमवारी नवीन द्रावण करा. आणि मधेच बंद करा. या वेळी मुद्दाम."

तेवढ्यात पंप न्यायला माणूस आलाच, काखेत खोका घेऊन. मैत्रीण दारातच आडवी उभी राहिली. बिचारा कापी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, पिऊन रिकामा खोका घेऊन परत गेला.